तीन मुक्या पट्ट्या

भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचू नये.

कारण हे सगळं भर दुपारी घडलं. उन्हाळ्यातल्या दुपारी. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, समोरच्या रसवंतीचे घुंगरू वाजत होते, माणसं जागी होती.

गाव तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड.

ज्याच्या डोळ्यांसमोर हे घडलं तो अभिमन्यू माझा सख्खा आतेभाऊ. दारूला शिवत नाही. अंगात येणं, उतारे टाकणं, असल्या भानगडीत पडत नाही. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, हे आम्हा सगळ्या भावंडांना लहानपणापासून माहीत आहे.

हे सांगताना त्याचे कान लाल नव्हते.

तोंड मात्र पांढरं पडलं होतं.

त्यानं सांगितलं तसं सांगतो. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलंय.

अभिमन्यूचा मांडव आणि साऊंडचा धंदा. तलवाड्यात रोडवर पत्र्याचा गाळा आहे. पुढं सामान, मागं रिपेरिंग. आणि मधल्या मोकळ्या जागेत त्याच्या बायकोचा, वर्षाराणीचा, रियाज.

वर्षाराणीचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा आहे. लग्न, हळद, जयंती, जत्रा... बोलवाल तिथं जाते.

पण ती सहज तिथवर पोचलेली नाही. ऊसतोड कामगाराची पोर. कारखान्यावरच्या कोप्यांत, पाचटाच्या झोपड्यांत वाढली. आई-बाप पहाटे फडात गेले की ही भावंडांना सांभाळत मोठमोठ्यानं गायची. पेटी शिकली ती गावच्या भजनी मंडळाच्या खिडकीबाहेर उभी राहून, कारण आत कुणी बसू देत नव्हतं. "पोरीच्या जातीनं पेटी कावून वाजवायची?" असं जो म्हणाला होता, त्याच्याच नातवाच्या हळदीत पुढं तिनं स्टेजवर बसून पेटी वाजवली. तो म्हातारा पहिल्या रांगेत होता. तिनं खास त्याच्याकडं बघून नमस्कार केला म्हणे.

अशी बाई.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अभिमन्यूला दिंद्रुडचं काम मिळालं. अर्जुनरावांच्या घरचं. जमीन, जिनिंग, राजकारण, सगळ्यात त्यांचं नाव. आख्खा भाग त्यांना नाना म्हणतो. नानांच्या नातीचा साखरपुडा होता. वर्षाराणी गाण्यासाठी सोबत होती.

आचाऱ्यांना जागा करायची म्हणून मागचं गोदाम रिकामं करत होते. सरकीच्या पोत्यांखालून एक लांबट काळी पेटी निघाली.

"दादा, हे काय हाय?" अभिमन्यूनं विचारलं.

नानांचा मुलगा अमरसिंह फोनवर होता. त्यानं नुसता हात झटकला. "असंल जुनं कायतरी. भंगारवाला येणार हाय उद्या. पायजे तर घेऊन जा बे."

वर्षाराणी गुडघ्यावर बसली. पदरानं धूळ पुसली. खाली पट्ट्या दिसल्या... पांढऱ्या, काळ्या. तिनं एक दाबली.

ठक.

आवाज काहीच नाही. पण ती हसली.

"पियानो हाय ह्यो," ती म्हणाली. "लाईटीवरचा. जुन्या गाण्यांत असतो त्यो."

नाना त्या दिवशी मुंबईला गेले होते.

ते घरी असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

हा पियानो आजच्या कीबोर्डसारखा नव्हता. पन्नासेक वर्षांपूर्वीचा, परदेशी. ह्याच्या आत पोलादाचे छोटे रीड असतात. पट्टी दाबली की एक हातोडी रीडवर पडते आणि तो बारीक आवाज अॅम्पमधून मोठा होऊन बाहेर येतो. खाली पायडल असतं. पायडल दाबून ठेवलं तर पट्टी सोडल्यावरही सूर लांबत राहतो. पायडल नसलं, तर बोट उचललं की सूर तुटला.

ह्या पियानोला पायडल नव्हतं. ते जिथं जोडतात तिथं नुसतं भोक होतं.

पायही नव्हते. झाकण नव्हतं. आवाज कमी-जास्त करायचं बटणही नव्हतं.

वर्षाराणीनं हट्टच धरला. बोअरच्या पाईपाचे तुकडे वेल्डिंग करून चार पाय बसवले. झाकणाच्या जागी ऑर्केस्ट्राचा जुना फ्लेक्स ताणून लावला. बटण फॅनच्या रेग्युलेटरचं. मशीन एकशेवीस व्होल्टचं होतं, आपल्या लाईटला लावलं असतं तर जळून गेलं असतं. म्हणून अभिमन्यूनं बीडला मोटार रिवायंडिंगवाल्याकडून एक ट्रान्सफॉर्मर बांधून आणला.

पायडल कुठं मिळालं नाही, ते भोक तसंच राहिलं. बाकी सगळं जमलं. आणखी एक गोष्ट मात्र जमली नाही.

मधल्या सप्तकातल्या लागून असलेल्या तीन पांढऱ्या पट्ट्या मुक्या होत्या. त्यांचे रीडच गायब.

जुन्या मशीनमध्ये रीड तुटतात. तुटले की बुडाशी खुंट राहतो. इथं तसं नव्हतं. तिन्ही स्क्रू जागेवर होते, घट्ट आवळलेले. कुणीतरी स्क्रू उघडून रीड काढले होते, आणि स्क्रू पुन्हा नीट लावून ठेवले होते.

"हे मोडलेलं न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "हे कुणीतरी काढलंय."

तिनं करवतीच्या पात्याचा तुकडा घासून रीड करून बघितला. डबा वाजल्यासारखा आवाज आला. तिनं तो काढून टाकला. "ह्या तीन राहू द्या मुक्या. बाकीच्यांवर भागवते."

ट्रान्सफॉर्मर लावला. वर्षाराणीनं पहिला सूर वाजवला...

रसवंतीवर बसलेली माणसं पेले हातात तसेच धरून वळून बघायला लागली. असा आवाज तलवाड्यात कुणी ऐकला नव्हता. गोल, खोल, किंचित थरथरणारा.

अभिमन्यू म्हणतो, "त्या दिवशी मला लई आनंद झालता. खरं सांगतो. लई."

पहिल्यांदा त्याला कळलं ते एका मंगळवारी.

दुपारची वेळ. वर्षाराणी जेवायला घरी गेली होती. लाईट गेली होती. रसवंतीवालाही यंत्र थांबवून सावलीत आडवा झाला होता. अभिमन्यू मागं बसून एका स्पीकरचा फाटलेला कागदी कोन चिकटवत होता.

टिंग...

त्यानं मान वर केली.

टिंग... टिंग...

लाईट नसताना पट्टी दाबली तर रीडचा नुसता बारीक आवाज येतो, भांड्याला नख लागल्यासारखा. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. उंदीर चढला असेल म्हणून तो उठला.

पियानोजवळ गेला. उंदीर नव्हता.

पट्ट्या सगळ्या वर होत्या. एकही दाबलेली नव्हती.

तरी सूर चालूच होता. लांबत होता... लांबतच होता.

पायडल दाबून धरल्यासारखा.

मग मधली एक पांढरी पट्टी सावकाश खाली गेली.

त्या तिघींमधली.

ठक... आणि सूर आला.

जिथं रीडच नाही तिथून!

अभिमन्यू घाबरला. पण आधी तो कारागीर माणूस. त्यानं फ्लेक्स बाजूला केला आणि आत बोट घातलं. स्क्रूच्या पुढं रिकामी जागा होती. नक्की रिकामी.

पण त्या रिकाम्या जागेत त्याच्या बोटाला काहीतरी थरथरताना लागलं.

गार. पातळ. पोलादासारखं.

त्यानं हात असा काही ओढला की कोपर मागच्या कपाटावर आपटलं. आवाज थांबला. तो खाली बसला, आणि तेव्हा त्याला फरशी दिसली.

रोडवरचा गाळा. सकाळी झाडलं तरी दुपारपर्यंत सगळीकडं धुळीचा थर बसतो. त्या दिवशीही बसला होता. फक्त पियानोच्या खाली, त्या भोकाच्या बरोबर खाली, हाताच्या पंजाएवढी जागा स्वच्छ होती.

घासून घासून गुळगुळीत झालेली.

तिथं कुणीतरी रोज पाय ठेवत होतं.

वर्षाराणी आली तेव्हा त्यानं एका दमात सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं.

ती हसली नाही. डबा ठेवत म्हणाली, "मला म्हायती हाय."

"कधीपासून?"

"पायडलचा आवाज मी पहिल्या दिवसापासून ऐकते."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी पियानो काढून टाकला असता."

अभिमन्यू चिडला. "टाकणारच! उद्याच टाकतो. न्हाईतर कपिलधारला जाऊन येऊ, काहीतरी विचारून घेऊ."

"जाऊ की कपिलधारला. दर्शन घेऊ. पण ह्याच्यासाठी न्हाई." ती खुर्ची ओढून पियानोसमोर बसली. "देवाला काय सांगायचं? पियानो वाजतोय म्हणून? वाजण्यासाठीच आणलाय त्यो."

आणि तिनं वाजवायला सुरुवात केली.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी गाळ्यासमोर एक म्हातारी येऊन थांबली. हातात भाजीची पिशवी. वर्षाराणी वाजवत होती. म्हातारी ऐकत ऐकत हळूहळू खाली बसली, थेट उंबऱ्यावरच.

तिचं नाव भिवराबाई. लेकीकडं राहायला आली होती. मूळची दिंद्रुडची. आयुष्यभर नानांच्या घरी धुणंभांडी केलेली.

"शीलाआक्काचं हाय ना हे?" तिनं विचारलं.

वर्षाराणीचे हात थांबले. "कोण शीलाआक्का, मावशी?"

भिवराबाईनं आधी रस्त्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून सांगितलं.

सत्यशीला. नानांची धाकटी बहीण. हैदराबादला मामाकडं शिकायला होती, तिथून हे वाजायचं यंत्र घेऊन आली. दिवसदिवस वाजवायची. औरंगाबादचा कुणी ऑर्केस्ट्रावाला एकदा ऐकून गेला, आणि स्टेजवर वाजवाल का म्हणून त्यानं निरोप पाठवला. आक्का हो म्हणाली.

नाना तेव्हा तिशीतले. ते म्हणाले, आपल्या घरची पोरगी चार लोकांपुढं बसून वाजवणार नाही.

"तरी ती ऐकंना. रोज बसायची. मग नानानं एक दिवस पान्हा घेतला आन् आतले तीन तुकडे काढले. तिचं एक गाणं होतं, सोताचं. त्याला नेमके तेच तीन लागायचे. मग खालचं पायडल काढलं."

"मग बंद केलं आक्कांनी?"

"कुठलं बंद! तशीच बसायची. दुपारभर. नानाची बैठक समोर, आन् ही मुक्या पट्ट्या दाबतीय... ठक ठक ठक. नानाकडं बघत."

वर्षाराणी ताठ बसली होती. अभिमन्यूला तिच्या तोंडावर जे दिसलं ते भय नव्हतं.

"मग एका दुपारी ठकठक थांबली," भिवराबाई म्हणाली. "मी च्या घेऊन गेलते. खुर्ची होती. आक्का न्हवती."

"कुठं गेल्या?"

"नाना म्हनले हैदराबादला गेली." भिवराबाईनं पिशवी उचलली. "चपला दाराशी तशाच होत्या. अनवाणी कोण जातं बाई हैदराबादला?"

जाताना ती एकच बोलली. "दुपारचं वाजवू नगं. दुपार तिची हाय."

"मावशी," वर्षाराणी म्हणाली, "मला दुपारीच येळ असतो."

नाना आले ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. सकाळी अमरसिंहाचा फोन आला होता, "अभिमन्यू, ते गुपचूप परत आणून टाक. नाना लई तापलेत." वर्षाराणीनं फोन घेऊन सांगितलं होतं, "दादा, दिलेली वस्तू हाय. परत मागू नका."

दुपारी पांढरी गाडी गाळ्यासमोर थांबली. दोन दांडगे गडी उतरले. मग नाना. ऐंशीच्या आसपासचं वय, पण सरळ चालणारा माणूस. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. रसवंतीवरचे लोक उठून उभे राहिले.

नानांनी आत येऊन पियानोकडं बघितलं. लगेच नजर काढून घेतली.

"गाडीत टाका ते," त्यांनी गड्यांना सांगितलं.

"नाना, बसा," वर्षाराणी म्हणाली. "च्या घ्या. पियानो मिळायचा न्हाई."

नानांनी तिला नीट निरखलं. "पंडितची पोर ना तू? तुझा बाप आमच्या टोळीत कोयत्यावर जायचा."

"जायचा. आता न्हाई जात. मी जाऊ देत न्हाई."

"आसपास कुठंच तुला एक सुपारी मिळणार न्हाई. कार्यक्रम बंद होतील."

"लांब जाऊन वाजवीन."

"हा गाळा कुणाच्या मेहेरबानीवर हाय, म्हायती हाय का?"

"सोडू गाळा. झाडाखाली वाजवीन."

अभिमन्यू तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

नानांनी गड्यांना नुसती मान हलवली. ते पियानोच्या दोन बाजूंना वाकले. आता हे उचलणार आणि वायरीला हिसका बसून ट्रान्सफॉर्मर फुटणार, हे अभिमन्यूला दिसलं. सवयीनं तो पुढं झाला आणि त्यानं प्लग उपसला.

प्लग त्याच्या हातात होता.

हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. "प्लग माझ्या हातात होता. ह्या हातात."

आणि त्याच वेळी...

ठक.

मधली पट्टी खाली गेली.

सूर आला. बारीक नाही, भांड्याला नख लागल्यासारखा नाही... पूर्ण. मोठा. स्पीकरमधून. गाळ्याचा पत्रा थरथरला.

मग दुसरी. मग तिसरी.

तिन्ही मुक्या पट्ट्या एकामागून एक वाजत होत्या.

एक गडी "आई गं" म्हणून मागच्या मागं पडला आणि तसाच उठून पळाला. दुसरा त्याच्या मागोमाग. नाना मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते.

"शीले," ते म्हणाले. "बास. बास कर."

सूर थांबेनात. नानांनी पुढं होऊन त्या तीन पट्ट्यांवर तळहात दाबून धरला. तळव्याखाली पट्ट्या तशाच खालीवर होत राहिल्या. त्यांचा हात उडत होता. त्यांनी तो छातीशी घेतला आणि भिंतीला टेकले.

आणि वर्षाराणीनं काय केलं असेल?

ती खुर्ची ओढून पियानोसमोर बसली.

"वर्षा, नको!" अभिमन्यू ओरडला.

तिनं बाकीच्या पट्ट्यांवर हात ठेवले आणि त्या तीन सुरांना साथ द्यायला लागली. आतापर्यंत तुटक वाटणारे ते सूर एकदम जुळले. गाणं तयार झालं. कुणी कधी न ऐकलेलं गाणं. अभिमन्यू म्हणतो, ते दुःखी नव्हतं. लई रागाचं होतं. कुणाची तरी पाठ धरून पुढं ढकलत न्यावं, तसं.

वर्षाराणीच्या कपाळावर घाम होता, पण डोळे चमकत होते.

मग अचानक तिचा चेहरा बदलला.

"आवो," ती म्हणाली. हात चालूच होते. "आवो... माझा पाय."

अभिमन्यू खाली वाकला.

तिचा उजवा पाय त्या भोकाच्या खाली, फरशीवर सपाट होता. बोटं पांढरीफटक पडली होती. पायाच्या वरची कातडी दबली होती... खोल. वरून कुणीतरी आपला पाय ठेवून सगळा भार दिल्यासारखी.

वर काहीच नव्हतं.

त्यानं तिची पोटरी धरून ओढलं. पाय हलेना. त्याच्या मनगटाला गार वारा लागला, आणि ओल्या मातीचा वास आला. एवढ्या उन्हाळ्यात.

वर गाण्याचा वेग वाढत चालला होता. वर्षाराणीची बोटं धावत होती. आता ती वाजवत होती, का तिच्याकडून कुणी वाजवून घेत होतं, ते कळत नव्हतं.

"ती सोडत नसती," भिंतीपाशी नाना पुटपुटले. "मागं लागली की सोडत नसती."

वर्षाराणीनं दात आवळले. खांद्यापासून थरथरत तिनं दोन्ही हात पट्ट्यांवरून उपटून काढावे तसे वर उचलले.

"आक्का!" ती ओरडली. "पाय काढा!"

तीन सूर वाजतच राहिले.

"तुमच्यावर जुलूम झाला. मला कळतंय. तुमी वाजवा, दुपारभर वाजवा, ही जागा तुमची. मी साथ देते. पण माझ्यावर पाय ठेवायचा न्हाई!" तिचा आवाज फाटला होता. "तुमच्या घरच्यांचे पाय माझ्या आईबापानं लई झेलले. मी जित्या माणसाचा झेलत न्हाई. मेलेल्याचा तर न्हाईच न्हाई!"

सूर तुटला.

एकदम. बोट उचलल्यासारखा.

बाहेर रसवंतीचे घुंगरूही थांबले होते.

मग अभिमन्यूच्या डोळ्यांदेखत दबलेली कातडी हळूहळू वर आली. एकेका बोटात रक्त परतलं. वर्षाराणीनं पाय मागं घेतला. त्यावर निळा वण उठला होता. दुसऱ्या कुणाच्यातरी पायाच्या पंजाच्या आकाराचा.

ती उठली. लंगडत नानांसमोर गेली.

"आता तुमी. निघा."

आयुष्यात नानांना असं कुणी म्हटलं नसेल. ते खरंच निघाले. उंबऱ्यापाशी थांबले. पाठ फिरवलेलीच ठेवून त्यांनी विचारलं, "ती... काय म्हनली का तुला?"

"म्हनली असंल," वर्षाराणी म्हणाली. "तुमाला कशाला सांगू?"

नानांनी बोललेलं खरं करून दाखवलं. गाळा सुटला. बरेच कार्यक्रम गेले. भिवराबाई पुन्हा कधी बाजारात दिसली नाही, आणि सत्यशीलाचं पुढं काय झालं ते दिंद्रुडमध्ये कुणीही सांगत नाही. अभिमन्यूनं दोन-तीनदा विचारून बघितलं. लोक विषय बदलतात.

पण ऑर्केस्ट्रा बंद पडला नाही. अभिमन्यूच्या अंगणात आता पत्र्याचं शेड आहे. पियानो तिथं आहे. नानांचा शब्द पोचत नाही अशा गावांतून बोलावणी यायला लागली. पुढच्या संक्रांतीला तर दिंद्रुडच्याच बायकांनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला वर्षाराणीला बोलावलं. चार वाजता, भर चौकात, नानांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तिनं पियानो मांडला आणि ते गाणं वाजवलं. तीन सुरांसकट.

नानांच्या घराच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या.

हे ऐकून मला बरं वाटलं होतं. शेवट चांगला झाला, असं वाटलं होतं.

मग मागच्या महिन्यात मी स्वतः तलवाड्याला गेलो.

दुपारी पोचलो. वर्षाराणी वाजवत होती. मी शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. त्या तीन पट्ट्या खाली जाताना मी बघितल्या. तिची बोटं तिथं नव्हती. मी त्यावर काही बोलत नाही, तुम्ही काय समजायचं ते समजा.

गाणं संपलं. वर्षाराणीनं हात मांडीवर घेतले. मान डावीकडं जराशी कलती केली. शेजारचं माणूस हळू बोलतंय आणि आपण ऐकतोय, तशी.

बराच वेळ.

मग ती स्पष्ट म्हणाली, "न्हाई आक्का. तेवढं सोडून काय बी सांगा."

पुन्हा ऐकलं.

"न्हाई."

आणि उठून चहा टाकायला आत गेली.

मी अभिमन्यूकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

"रोज हेच," तो म्हणाला. "रोज दुपारी आक्का कायतरी मागती, आन् ही न्हाई म्हनते."

"काय मागते?"

"सांगत न्हाई. किती विचारलं. त्या दिवशी गाळ्यात पहिल्यांदा मागितलं म्हनं, एवढंच बोलली."

"पण ती नाही म्हणते ना? मग झालं."

अभिमन्यूनं दाराकडं बघून आवाज खाली आणला.

"आधी ती लगेच न्हाई म्हनायची. तोंडावर. आता..." तो थांबला. "आता जरा विचार करून म्हनते."

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. त्यावरून वर्षाराणीचा आवाज आला, खणखणीत, हसरा.

"मला ऐकू येतंय बरं का! भावजी, त्यांचं ऐकून भिऊ नका. मी न्हाईच म्हनतेय."

मग भांड्याचा आवाज झाला, आणि ती जराशा हळू आवाजात म्हणाली,

"अजून तरी."

चहा आला. आम्ही प्यालो. ऊन उतरायच्या आत मी तिथून निघालो.

तेव्हापासून रोज, दुपार टळली की मी अभिमन्यूला फोन लावतो. इकडचं तिकडचं बोलतो. पाऊसपाणी, धंदा, पोरांची शाळा. मग विचारतो, वैनी काय करतायत?

तो म्हणतो, "न्हाई म्हनली."

मग मी फोन ठेवतो.